चावली तर परत

चावली? कुठं चावली, दाखवा बघू — अंगठ्याला का टाचेला? अंगठ्याला. बरं. कुठल्या पायाच्या? नाही, विचारावं लागतं, उगंच नाही विचारत. दोन्ही पायांच्या! बरं बरं. बसा की पावणं, उभ्यानं कशाला सांगताय, ती खुर्ची ओढा — ती नको, ती अण्णासो काकांची, तिचा एक पाय डुगडुगतो आणि ते सोडून कुणाला तिच्यावर तोल सांभाळता येत नाही — ही घ्या. पाणी देऊ? आणि पिशवी अशी पोटाशी काय धरलीय, मी काय हिसकावून घेणार आहे? परतच घेणार आहे की. दाराबाहेरचा बोर्ड वाचला नाही? पेंटरला बसवून मोठ्या अक्षरात रंगवून घेतलाय — 'चावली तर परत. केव्हाही.' खाली अटी-बिटी काही नाहीत, बारीक अक्षरात तर काहीच नाही. द्या इकडं.

आता गंमत बघा. हा तळ. उजेडाला धरते, नीट बघा — काय दिसतंय? काही नाही ना? मलाही काही दिसत नाही. कोरा करकरीत. गेल्या बुधवारी कागदात बांधून दिली तशीच. आता नेसरीत, तुमच्या घरात, पायात चप्पल घालून माणूस नुसता सोप्यातून परसात गेला तरी तळाला तांबडी माती लागते — मला सांगू नका, सात महिने झाडलंय मी ते परस, सून म्हणून. म्हणजे ही चप्पल न घालताच चावली! आजोबांपासून कोल्हापुरी विकतोय आम्ही, असलं जनावर पहिल्यांदाच निघालं. आणि नंबर बघा, आठ. मामा, तुमचा पाय नऊ. जगात कुणाच्या सासऱ्याचा नंबर सुनेला माहीत नसेल, पण मी चप्पलवाल्याची पोरगी, मला माणसाचा चेहरा नंतर लक्षात राहतो. बुधवारी काय केलंत? आत आलात, दाराजवळची पहिली जोडी उचलली, 'बाई, ही बांध' म्हणालात. बाई! मीही 'बरं पावणं' म्हटलं, दोघंही नाटकात. घालून बघितली नाही, भाव केला नाही — मेथीच्या पेंडीवर पाव तास घालवणारा माणूस, आणि भाव केला नाही! तेव्हाच म्हटलं, हे गिऱ्हाईक चप्पल न्यायला आलेलं नाही, परत यायचं कारण न्यायला आलंय. हसू नका. हसलात म्हणजे खरं आहे.

नाही, राग नाही आला. आणि तुम्ही एकटे नाही तसले, धंद्याच्या दृष्टीनं सांगते. माणूस दुकानात शिरला की चपलेकडं बघतो असं वाटतं ना? नाही बघत. दाराकडं बघतो. घेतली आणि फसलो तर या दारातून पुन्हा आत येता येईल का, एवढंच त्याला कळायला हवं असतं. पूर्वी त्या भिंतीवर — तो खिळा दिसतोय ना, तिथं — काकांची पाटी होती, 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. देवीच्या फोटोच्या वर! गिऱ्हाईक आधी ते वाचायचं, मग देवीला हात जोडायचं, आणि मग 'घरात विचारून येतो' म्हणून जे जायचं ते जायचंच. आमच्या मेहमुदा टीचर, मागच्या बोळातल्या शाळेत शिकवतात, जन्म कोल्हापुरात गेला आणि पायात कायम रबरी स्लीपर. मी विचारलं, टीचर, कोल्हापुरी का नाही हो घेत? तर म्हणाल्या, 'चावेल गं. आणि चावली की घरात सगळे म्हणणार, तूच हट्टानं घेतलीस, आता घाल.' बघा म्हणजे! भीती चपलेची नव्हतीच, त्या वाक्याची होती. माझा बोर्ड लागला त्या आठवड्यात आल्या, तीनदा विचारलं — परत घेणार ना, नक्की ना, घालून फिरले तरी? — आणि नेली. पुन्हा आल्या त्या दोन बहिणींना घेऊन. आणि पुण्याची मंडळी तर काय, दर्शन झालं की येतात, एकाच्या जागी तीन जोड उचलतात, 'नाही बसली तर आणून देऊ' म्हणतात. कोण येतंय हो पुण्याहून चप्पल परत करायला? त्यांनाही ठाऊक असतं आपण येणार नाही. पण येता येतं, एवढं पाहिजे असतं. तेवढ्यावर माणूस डोळे झाकून घेतो.

थांबा, दारात काढलीय ती जोडी तुमची का? उठू नका, मी आणते — दारात ठेवली तर कुणीतरी पायात घालून जाईल, देवळाच्या गर्दीत सगळ्यांनाच दुसऱ्याची चप्पल बसते. मामा! ही तीच की. लग्नातली. व्याह्यांचा मान म्हणून माझ्या अप्पांनी दिलेली, कानवाली, हे दोन्ही बाजूंचे चामड्याचे कान. अजून हीच घालताय? आणि हिला काय अवकळा आणलीय, कोरडी ठणठणीत, टाचेचा टाका उसवलाय, कुणी तेलाचा हात लावलेला दिसत नाही दीड वर्षात. कोण लावणार म्हणा. बसा, एरंडेल आहे माझ्याकडं, लावता लावता बोलू. म्हणजे मी बोलते. तुम्ही तिथंही बोलत नव्हताच.

आठवतंय, ही किती चावली होती तुम्हाला? लग्न होऊन मी नुकती आलेली, आणि तुम्ही डेअरीला दूध घालायला जाताना लंगडत जायचा. मी विचारलं तर 'न्हाय गं, जरा मुरगळलाय'. व्याह्याची भेट चावते असं कसं म्हणायचं! माणसाचं पाऊल सोललं तरी चालेल, पण व्याह्याला वाईट वाटायला नको — असली तुमची पिढी, मला कळतच नाही, त्या अप्पांना सांगितलं असतंत तर त्यांनी तेल लावायला सांगितलं असतं, दोन मिनिटांचं काम. शेवटी मीच गुपचूप तेल लावून ठेवली. तुम्ही कळूनही काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवसापासून सकाळचा चहा माझ्यासाठी थांबवायला लागलात. कप झाकून ठेवायचा, वर बशी. बरं, ते जाऊ दे.

मी काय सांगत होते — बोर्ड. तो पहिल्यांदा असा नव्हता हं. पहिला बोर्ड मी लावला, 'आठ दिवसांत परत'. बीबीए झालेलं डोकं! आता तुम्ही सांगा, नवी कोल्हापुरी किती दिवस चावते? आठच दिवस. पुढं ती पायाची होते. म्हणजे मी लोकांना सांगत होते, ही जितके दिवस चावेल तितके दिवस परत घेऊ, आणि चावायची थांबली की घेणार नाही! कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत जन्मून ही चूक केली मी. सातव्या दिवसापासून दारात ही गर्दी, अंगठ्याला पट्ट्या लावून उभी माणसं, आणि काका त्यांच्या खुर्चीत डुगडुगत हसतायत — 'घे शाने, घे परत.' मुदत असली की माणूस चप्पल घालतच नाही, तारीख घालून फिरतो. द्यायचीच तर आजच देऊ म्हणतो. मग मी मुदतच उडवली. केव्हाही. काका म्हणाले, 'आता दुकानाला काडीच लाव की.' आणि काय झालं असेल? परत येणं थांबलं! आज चावली — बघू उद्या. उद्या जरा कमी चावते. महिन्यानं विसरतात की परत द्यायची होती. काकांना अजून पटत नाही, म्हणतात लोक लाजेनं येत नसतील. लाजेनं! कोल्हापुरात!

हे कॉलेजात नाही शिकले मी. हे अप्पांनी — नाही, त्यांनीही शिकवलं नाही, त्यांना कळलंही नसेल. मी तुमच्याकडनं निघून आले ना, त्या दिवशी काका सोप्यातच उभे, म्हणाले, 'आठ दिवस राहू दे. मग सोडून येऊ.' झालं, मी लागले दिवस मोजायला. जेवण जाईना. पाचव्या दिवशी तर माझी मीच बॅग भरली, मामा, कुणी सांगितलं नव्हतं — मुदत असली की माणूस स्वतःच निघायला लागतो. आणि अप्पा, जे काकांसमोर, थोरल्या भावासमोर, उभ्या जन्मात एक वाक्य पुरं बोलले नाहीत, त्यांनी जेवताना दुकानाची किल्ली माझ्या ताटाजवळ ठेवली. म्हणाले, 'उद्या मला जरा उशीर होईल, तू उघड.' बस्स. तो उशीर दीड वर्ष चाललाय. एकदाही विचारलं नाही किती दिवस राहणार, काय झालं, कुणाचं चुकलं. आठ दिवसांचा बोर्ड फसला तेव्हा ती किल्ली आठवली, आणि मग मी नवा बोर्ड लिहायला दिला. — हे कुणाला माहीत नाही हं. तुम्हाला का सांगतेय मी? एरंडेलाच्या वासानं डोकं फिरतं.

काकांनीच फोन केला ना तुम्हाला? मान दोन्हीकडं हलवू नका, एक काय ते नक्की करा, हो का नाही. मला वाटलंच. रोज अर्ध्या तासात जेवून येतात, कारण मी सगळ्या कोल्हापूरला फुकट चपला वाटेन अशी भीती, आणि आज दुपार कलली तरी पत्ता नाही — म्हणजे मैदान मोकळं सोडलंय. आणि सकाळी काकूनं माझी बॅग माळ्यावरनं खाली काढली, म्हणे 'धूळ झटकते'. धूळ! दीड वर्षात त्या माळ्यावर कुणी बघितलं नाही. म्हणजे ठरलंय तुमचं सगळं. तुम्ही यायचं, गोड बोलायचं, पोरगी तुमचं ऐकते, संध्याकाळी घेऊन जायचं, आणि उद्या सकाळी इथं खिळ्यावर जुनी पाटी. मोठ्या माणसांची मीटिंग झाली, ज्याच्याबद्दल झाली त्यालाच तेवढं बोलावलं नाही. काय बाई तुमची पद्धत!

काय म्हणालात? मोठ्यानं म्हणा की. 'चप्पलबी पहिल्यांदा चावतीच की गं. तूच म्हणतीस, दम धरला की पायाची हुती.' अगं आई! मामा, सात महिन्यांत तोंड उघडलं नाही आणि आज उघडलंत ते माझंच वाक्य मला परत करायला! याला म्हणतात गिऱ्हाईक. नाही, खरंच छान बोललात. मला हसू येतंय, थांबा जरा.

आता पाय पुढं करा. उजवा. ही घाला — ही तुम्ही आणलेली, आठ नंबर. घाला की. जोर लावा. जात नाही? बोटं आत घ्या, जाईल. दुखतंय? मग हिला आता एरंडेल लावू? डबा ओतू? सहा महिने दम धरू? चावणं वेगळं हो मामा, आणि माप चुकणं वेगळं. चावणारी चप्पल तेलानं वळते, कारण चामड्यालाही पायाकडं यायचं असतं थोडंफार. तुमच्या घरात चामडं हलणार नव्हतंच. पायानंच लहान व्हायचं होतं. शिकलेली सून पाहिजे म्हणून पत्रिकेबरोबर मार्कलिस्ट मागवलीत — पत्रिकेबरोबर, मार्कलिस्ट! — आणि मी नेसरीच्या बाजारात चपलांचं छोटं दुकान टाकते म्हटलं तर सासूबाई म्हणाल्या, 'आमच्या घरची सून लोकांच्या पायाला हात लावणार?' मी तुमच्याकडं बघितलं. तुमच्या पायात त्या वेळी अप्पांची ही चप्पल होती. आणि तुम्ही पेपर वर केलात. असा, तोंडापुढं. मला अजून त्या पानावरची ट्रॅक्टरची जाहिरात दिसते.

रडवत नाही तुम्हाला. पाणी प्या. काढा ती चप्पल आता, उगंच पायाला वळ नको.

आणि सोमशेखर. तुमचा लेक. मोबाइलवर बूट मागवायचा, आठवतंय? काळे आले, परत. तपकिरी आले, परत. मग तेच काळे पुन्हा. आरशासमोर चार पावलं टाकायची आणि खोक्यात घालून परत, आणि कुरिअरवाला पोरगा बिचारा सारखा दारात. मी म्हटलं, परतच करायचे तर मागवता कशाला? तर म्हणाला, 'परत करता येतात म्हणूनच मागवतो.' अगदी बरोबर बोलला, हाच तर माझा धंदा आहे! फक्त मला एक कळत नाही, त्यानं बूट परत केले तर हुशारी, आणि मी माझी मी परत आले तर दोन्ही घरांची अब्रू. तुम्ही मोठी माणसं आहात, तुम्हाला माहीत असेल उत्तर.

कुठाय तो? नका सांगू, पांढरी गाडी मी मघाशीच बघितली, कोपऱ्यावर, काचा वर करून. एसीत बसलाय आणि बाप उन्हातनं चालत पाठवलाय, तेही उसवलेल्या चपलेनं. मघाशी म्हटलं ना, बोर्डाला अटी नाहीत. एक आहे, लिहिलेली नाही. ज्याच्या पायाची चप्पल, त्यानं स्वतः यायचं. शेजाऱ्याच्या, भावाच्या, बापाच्या हाती पाठवायची नाही. कारण आम्हाला पाय बघावा लागतो, कुठं चावलं ते विचारावं लागतं. तो आत आला असता, इथं बसला असता, नुसतं विचारलं असतं — दानेश्वरी, कुठं चावलं तुला? — तर मी… तर काय केलं असतं मी? नाही, सोडा. ते विचारायचं नाही. मला स्वतःलाही नाही.

बुधवारी तुमचा खोकला ऐकला ना दारात, तेव्हा मी मागं खोकी मोजायला गेले होते. मोजायची नव्हती. तोंड धुऊन आले. आणि ही दाराजवळची फळी बघा, ही मधली, आठ नंबरची जागा — बुधवारपासून मोकळी ठेवलीय. काका रोज विचारतात, इथं माल का नाही लावला. म्हटलं, येणार आहे तो. एवढंच. द्या ती जोडी, जागेवर ठेवते. झालं. तुमचे पैसे हे घ्या, घ्या म्हणते ना, बोर्डाला बट्टा लावू नका माझ्या. मी नाही येत, मामा. बॅगेची धूळ झटकून झाली असेल तर काकूला सांगेन परत वर ठेव. आणि पाटी लावायचीच असेल तर काकांनी माझ्यासमोर लावावी, हातोडी मीच देते, बघू त्यांना त्या खुर्चीवर उभं राहून जमतंय का.

हे बघा, टाका घातला, तेल पिऊन कशी झालीय बघा चप्पल, कान कसे उभे राहिले. पाय पुढं करा. उजवा आधी. कशाला लाजताय, पाय मागं कशाला घेताय, हाच माझा धंदा. लोकांच्या पायाला हात लावते बघा, सासूबाईंना सांगू नका. आणि सांगितलंत तर सांगा, नमस्कार केला. आता डावा. उठा, दोन पावलं टाका. चावतेय कुठं?

नाही ना?

तुम्ही येत जा. केव्हाही. चहा झाकून ठेवीन, वर बशी ठेवून. पण पुढच्या वेळी पिशवीत कारण आणू नका, नुसते या. डोळ्याला हात लावू नका, चप्पल चाचपून बोटाला एरंडेल लागलंय तुमच्या. आणि ऐकलंत? हॉर्न. तुमच्याच गाडीचा. उतरत नाही बघा, वाजवतोय.

जा, मामा. जा आता.